फोनमधल्या शब्दकोश ॲपमध्ये कोशाच्या फाइली कशा बसवायच्या

शब्दकोशाची ॲप्स दोन जातींची असतात. एका जातीत कोश आतच असतो: ॲप घेतलं की शब्द शोधायला सुरुवात. दुसऱ्या जातीत ॲप हे फक्त वाचायचं साधन असतं आणि कोश आपण बाहेरून आणून आत बसवायचा असतो. गोल्डनडिक्ट, कलरडिक्ट, आर्ड २, एमडिक्ट ही दुसऱ्या जातीची. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

खटपट थोडी जास्त आहे, पण मी गेली कित्येक वर्षं हीच पद्धत वापरते. कारण साधं आहे. कोशाच्या फाइली आपल्या हातात राहतात. नेट नसलं तरी कोश चालतो, जाहिराती मध्ये येत नाहीत, चार-पाच कोशांतले अर्थ एकाखाली एक दिसतात आणि उद्या ते ॲप बंद पडलं तरी त्याच फाइली दुसऱ्या ॲपमध्ये टाकता येतात.

एक खुलासा आधीच करते. फाइलीच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर जी अक्षरं येतात, म्हणजे एक्सटेन्शन, ती मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत: आय-एफ-ओ, आय-डी-एक्स वगैरे. फोनवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत दिसतील. फाइलींची नावं दिसत असतील पण शेवटची अक्षरं दिसत नसतील, तर फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये एक्सटेन्शन दाखवण्याची सोय चालू करा. ती दिसल्याशिवाय पुढचं काम अंधारात चाचपडल्यासारखं होतं.

कोश म्हणजे एक फाइल नव्हे, संच

बहुतेकांचं इथेच अडतं, म्हणून इथे जरा थांबूया.

सर्वांत जास्त आढळणारं स्वरूप म्हणजे स्टारडिक्ट. या स्वरूपातल्या एका कोशाला किमान तीन फाइली लागतात. आय-एफ-ओ ही छोटीशी माहितीची फाइल, कोशाचं मुखपृष्ठच म्हणा. आय-डी-एक्स ही शब्दांची सूची. आणि डिक्ट किंवा डिक्ट-डी-झेड ही खुद्द अर्थांची फाइल. कधी कधी चौथी, एस-वाय-एन, असते. एकाच शब्दाची पर्यायी रूपं तिच्यात असतात. चित्रं किंवा आवाज असतील तर सोबत 'रेस' नावाचं फोल्डर असतं.

या सगळ्यांचं टिंबाआधीचं नाव अक्षरशः एकच असावं लागतं. एकीच्या नावात एखादी मोकळी जागा जास्त पडली तरी ॲपच्या लेखी तो संच तुटला. कोश यादीत दिसेनासा होतो आणि का दिसत नाही, हे बरीच ॲप्स सांगतही नाहीत.

आत काय चालतं ते कळलं की पुढच्या बऱ्याच अडचणी आपल्या आपण सुटतात. सूचीच्या फाइलीत प्रत्येक शब्दापुढे दोन आकडे असतात: अर्थांच्या फाइलीत कितव्या बाइटपासून वाचायचं आणि किती बाइट वाचायचं. ॲप शब्द सूचीत शोधतं, ते आकडे घेतं आणि अर्थांच्या फाइलीत नेमकं त्या जागी जाऊन तेवढाच तुकडा उचलतं. म्हणून एका आवृत्तीची सूची आणि दुसऱ्या आवृत्तीचे अर्थ एकत्र आले, तर कोश उघडतो, शब्द सापडतो, पण अर्थ भलत्याच शब्दाचा किंवा वाक्याच्या मध्यातूनच सुरू होणारा दिसतो. असं दिसलं की ॲपला दोष देऊ नका, पूर्ण संच नव्याने उतरवून घ्या.

डी-झेड या शेपटीबद्दलही सांगायला हवं. ती दिसली की अनेकांना वाटतं, ही दाबलेली फाइल आहे, उघडायला हवी. उघडू नका. ती डिक्टझिप पद्धतीने दाबलेली असते. साध्या जीझिपमध्ये मधला तुकडा हवा असेल तर पहिल्यापासून उलगडत यावं लागतं. डिक्टझिपमध्ये मजकुराचे साधारण ५८ हजार बाइटचे वेगवेगळे तुकडे दाबलेले असतात आणि कोणता तुकडा कुठे आहे याची नोंद फाइलीच्या सुरुवातीलाच असते. त्यामुळे ॲपला हवा तेवढाच तुकडा उलगडता येतो. फाइल लहान राहते आणि अर्थही पटकन येतो.

बाकीची स्वरूपं थोडक्यात. एमडिक्टचे कोश एम-डी-एक्स फाइलीत असतात. चित्रं आणि आवाज एम-डी-डी फाइलीत असतात. मोठ्या कोशात तिचे १, २, ३ असे भाग पडलेले असतात. काही कोशांसोबत मांडणीची सी-एस-एस फाइलही येते. हे सगळं एकाच फोल्डरमध्ये राहिलं पाहिजे. लिंग्वोचे कोश डी-एस-एल किंवा डी-एस-एल-डी-झेड, बॅबिलॉनचे बी-जी-एल. आर्ड २ चं स्वरूप म्हणजे स्लॉब. त्यात संपूर्ण कोश एकाच फाइलीत असतो, म्हणून पहिल्यांदाच हे करून पाहणाऱ्याला मी बहुधा आर्ड २ सुचवते. संच तुटायची भीतीच नाही.

आधी कोश ठरवा, मग ॲप

लोक उलट करतात. आधी ॲप घेतात, मग हवा तो कोश त्या ॲपला चालत नाही असं कळतं. तुम्हाला कोणता कोश हवा आहे आणि तो कोणत्या स्वरूपात मिळतो, हे आधी पाहा. गोल्डनडिक्ट हे ॲप स्टारडिक्ट, डी-एस-एल आणि बी-जी-एल वाचतं. कलरडिक्ट स्टारडिक्टसाठी आहे, आर्ड २ स्लॉबसाठी.

मराठीपुरतं बोलायचं तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हा बहुतेकांचा पहिला. जेम्स मोल्सवर्थ यांनी जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंच्या मदतीने केलेला हा कोश १८३१ साली आला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या प्रकल्पात तो आहे. १९११ सालचा वझे यांचा आर्यभूषण शालेय कोश आणि १९३२ ते १९५० या काळात निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथे शोधता येतात. मात्र ती संकेतस्थळावर शोधायची सोय आहे, फोनमध्ये टाकायच्या फाइली नव्हेत. फाइलींसाठी गिटहब या संकेतस्थळावरचा इंडिक-डिक्ट हा मुक्त प्रकल्प पाहा. संस्कृत, मराठी आणि इतर भारतीय भाषांचे कोश तिथे स्टारडिक्ट स्वरूपात जमवलेले आहेत. विक्शनरी आणि विकिपीडियाच्या स्लॉब फाइली आर्ड २ साठी उपलब्ध असतात.

बरेच जुने कोश मुक्त आहेत, नवे बहुधा नाहीत. एखादा नवा, विक्रीत असलेला कोश कुणी फाइल करून फुकट वाटत असेल तर तो घेऊ नका. कोशकाराची दहा-दहा, वीस-वीस वर्षं त्यात गेलेली असतात. शिवाय अशा फाइलींत पानंच्या पानं गाळलेली मी पाहिली आहेत, आणि जो शब्द सापडत नाही तो भाषेत नाही की फाइलीत नाही, हे कळायला काही मार्ग उरत नाही.

उतरवणं आणि उलगडणं

कोश बहुधा झिप, सेव्हन-झेड, टार-जीझेड किंवा टार-बीझेड-२ अशा गठ्ठ्यात मिळतो. हा गठ्ठा मात्र उलगडायचा असतो. म्हणजे नियम असा लक्षात ठेवा: बाहेरचा गठ्ठा सोडायचा, आतली डी-झेड तशीच ठेवायची.

फोनमधलं मूळचं फाइल ॲप झिप उघडतं, पण टार किंवा सेव्हन-झेडपुढे बऱ्याचदा हात टेकतं. त्यासाठी झेडआर्काइव्हर घ्या. टार-बीझेड-२ हा दुहेरी गठ्ठा असतो. काही ॲप्स तो दोन टप्प्यांत सोडतात. पहिल्या टप्प्यानंतर नुसती टार फाइल हाती आली तर काम अर्धंच झालंय, ती पुन्हा सोडा.

उतरवताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, तीच फाइल दोनदा उतरवली की ब्राउझर दुसऱ्या प्रतीच्या नावाला कंसात १ जोडतो. गठ्ठ्याला तसं झालं तर हरकत नाही, पण आय-एफ-ओ आणि आय-डी-एक्स सुट्या सुट्या उतरवत असाल तर एकीच्या नावाला कंस लागतो, दुसरीला नाही, आणि संच तुटतो. दुसरी, काही वेळा अनोळखी एक्सटेन्शनच्या फाइलीच्या नावापुढे ब्राउझर स्वतःचंच काही जोडून ठेवतो. तसं झालं असेल तर नाव बदलून शेपूट काढून टाका. तिसरी, मोठी फाइल उतरताना नेट मध्येच तुटलं तर अर्धवट फाइल राहते, आणि तिचं नाव पूर्ण फाइलीसारखंच असू शकतं.

ही तिसरी अडचण ओळखायची एक खात्रीची खूण आहे. आय-एफ-ओ फाइल कोणत्याही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. आत जेमतेम दहाएक ओळी असतात. 'बुकनेम' या ओळीत कोशाचं नाव असतं. ॲपच्या यादीत हेच नाव दिसतं, फाइलीचं नाही. 'वर्डकाउंट' या ओळीत एकूण शब्दनोंदी. 'आयडीएक्स-फाइल-साइज' या ओळीत सूचीची फाइल नेमकी किती बाइटची असायला हवी तो आकडा. आता फाइल मॅनेजरमध्ये आय-डी-एक्स फाइलीचा तपशील उघडून तिथला बाइटचा आकडा पाहा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. आय-डी-एक्स पुन्हा जीझिपने दाबलेली असेल तर ते जुळणार नाहीत, कारण हा आकडा न दाबलेल्या सूचीचा असतो. एरवी एका बाइटचाही फरक असेल तर फाइल अर्धवट आली आहे किंवा दुसऱ्याच आवृत्तीची आहे. पुन्हा उतरवा. एवढं पाहायला अर्धं मिनिट लागतं आणि तासाभराचा वैताग वाचतो.

फाइली ठेवायच्या कुठे

फोनच्या स्टोरेजमध्ये सर्वांत वरच्या पातळीवर एक स्वतंत्र फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक कोशाला वेगळं उपफोल्डर द्या. सगळ्या कोशांच्या फाइली एकाच ठिकाणी ओतल्या तरी बरीच ॲप्स चालतात, पण सहा महिन्यांनी एखादा कोश काढायचा झाला तर कोणती फाइल कुणाची ते कळत नाही, आणि दोन कोशांची 'रेस' फोल्डरं एकमेकांत मिसळतात.

ॲपचं स्वतःचं ठरलेलं फोल्डर असेल तर तेच वापरा. गोल्डनडिक्टचं त्याच्याच नावाचं असतं. कलरडिक्टचं 'डिक्टडेटा', सगळी अक्षरं लहान, मध्ये मोकळी जागा नाही. आर्ड २ मध्ये तर फाइल कुठेही ठेवा, कोशांच्या पानावरचं अधिकचं चिन्ह दाबून ती निवडून दाखवायची.

अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, यात एक मोठा बदल झाला. त्याआधी स्टोरेजची परवानगी दिली की ॲप स्टोरेजमधलं काहीही वाचू शकत असे. आता नव्या नियमांनुसार बांधलेल्या ॲपला फोटो, व्हिडिओ, आवाज सोडून इतरांनी ठेवलेल्या फाइली दिसत नाहीत. त्यामुळे जुन्या सूचना पाळून, फोल्डर अगदी बरोबर करूनही कोश दिसत नाही असं होतं. यावर तीन मार्ग आहेत. ॲपने सर्व फाइलींची परवानगी मागितली असेल तर ती फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतंत्रपणे द्यावी लागते. नेहमीच्या परवानग्यांच्या यादीत ती सहज नजरेस पडत नाही, 'विशेष ॲप ॲक्सेस' या भागात शोधा. दुसरा मार्ग, ॲपमध्येच 'फोल्डर निवडा' असं बटण असेल तर तिथून फोल्डर दाखवा. मग त्या एका फोल्डरपुरती परवानगी मिळते, आणि मला हाच मार्ग सर्वांत बरा वाटतो. तिसरा, ॲपच्या खासगी जागेत फाइली टाकणं.

तिसऱ्या मार्गाबद्दल सावध करते. 'अँड्रॉइड' या फोल्डरमधल्या 'डेटा'मध्ये प्रत्येक ॲपची खासगी जागा असते. ॲप काढलं की ती जागाही पुसली जाते. माझे नऊ कोश एकदा असेच गेले. ॲप अडखळत होतं म्हणून काढून पुन्हा घेतलं, आणि यादी रिकामी. त्यातला एक कोश मी स्वतः महिनाभर दुरुस्त केलेला होता, त्याची दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून मूळ फाइली खासगी जागेत ठेवायच्या नाहीत, ठेवल्याच तर फक्त प्रत ठेवायची, हा माझा नियम आहे.

मेमरी कार्ड वापरत असाल तर एवढंच पाहा: कार्ड फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर त्यावर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. शब्दकोशांना याचा त्रास होत नाही, पण विकिपीडियाची मोठी स्लॉब फाइल अडकते. एक्सफॅटवर ही अडचण येत नाही.

ॲपला कोश दाखवणं

फाइली जागेवर गेल्या की ॲप उघडून कोशांच्या यादीत जा आणि 'रीस्कॅन', 'रिफ्रेश' किंवा तत्सम बटण दाबा. काही ॲप्स हे उघडल्या उघडल्या आपणहून करतात. मोठ्या कोशाला यात वेळ लागतो, कारण ॲप स्वतःची जलद सूची बांधत असतं. या वेळात स्क्रीन चालू ठेवा आणि दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ नका. पार्श्वभूमीत गेलेलं ॲप फोन बंद करू शकतो, आणि मग सूची अर्धवट राहते. बॅटरी कमी असेल तर चार्जर लावून बसा.

आणखी एक सवय लावून घ्या: एका वेळी एकच कोश टाका. दहा कोश एकदम टाकले आणि ॲप बंद पडू लागलं, तर दोष कुणाचा हे शोधायला दहाही काढावे लागतात.

कोश दिसू लागले की क्रम लावा. वरचा कोश आधी उघडतो. रोज लागणारा वर, संदर्भाचा खाली. ॲपमध्ये गट करायची सोय असेल तर मराठी, संस्कृत, इंग्रजी असे गट करा. नाहीतर 'कर' शोधताना संस्कृत कोशातला हात आणि मराठीतला सारा यांची सरमिसळ होते. कधी कधी तीच हवी असते, तेव्हा सगळे गट एकत्र उघडा.

आता तपासा, आणि नीट तपासा

कोश यादीत दिसला म्हणजे बसला असं नाही. मी प्रत्येक नव्या कोशात पाच-सहा ठरलेले शब्द शोधते: अ ने सुरू होणारा एक, ह किंवा ळ कडे झुकणारा एक, जोडाक्षराचा एक, आणि 'ऱ्हास'. सुरुवातीचे शब्द सापडतात पण पुढचे सापडत नाहीत, असं झालं तर फाइल कापली गेली आहे किंवा सूचीचा अक्षरक्रम चुकलेला आहे. ॲप सूची अर्धी-अर्धी करत शब्द शोधतं, त्यामुळे क्रम चुकला की शब्द यादीत डोळ्यांना दिसतो आणि शोधलं की मिळत नाही.

मोल्सवर्थ टाकून तुम्ही 'केळे' शोधाल आणि मिळणार नाही. 'करणे' शोधाल, तेही नाही. कोश बिघडलेला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या लेखनाप्रमाणे तिथे 'केळें' आणि 'करणें' आहे, शेवटी अनुस्वार. हे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले, पण जुन्या कोशांत ते जागच्या जागी आहेत. उपाय सोपा: पूर्ण शब्द टाकू नका. 'करण' एवढंच टाका आणि खाली येणाऱ्या यादीतून 'करणें' निवडा. किंवा ॲपमध्ये तारकेची सोय असेल तर 'केळ' पुढे तारका द्या. तारका म्हणजे पुढे काहीही चालेल.

दुसरी गोष्ट रूपांची. वाचताना आपल्याला 'देवळात', 'पाण्याने', 'मुलांना' हे शब्द भेटतात. कोशात 'देऊळ', 'पाणी', 'मूल' असतात. इंग्रजीत शेवटचं अक्षर काढलं की बऱ्याचदा काम होतं, मराठीत शब्दाचं पोटच बदलतं. एस-वाय-एन फाइलीत अशी रूपं घातलेली असतील तर ॲप मूळ शब्दाकडे नेतं, पण ती सगळ्या कोशांना नसते. म्हणून मूळ रूप मनाशी ठरवूनच शोधावं लागतं.

तिसरी जरा बारीक आहे, पण तिच्यापायी अनेकांनी चांगले कोश काढून टाकलेले मी पाहिलेत. देवनागरीत एकच दिसणारं अक्षर आत वेगवेगळ्या संकेतांनी लिहिलेलं असू शकतं. 'ऱ्हास'मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ पासून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संकेत ठरवून देणाऱ्या पद्धतीत, २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात तेच 'अ' आणि वरचा चंद्र असं दोन तुकड्यांत आहे. डोळ्याला सगळं सारखं, ॲपला निराळं. कीबोर्ड बदलून पाहा, किंवा कोशातलाच शब्द उचलून शोधाच्या चौकटीत टाका. तो सापडला तर कोश ठीक आहे, फरक टंकण्याचा आहे. संस्कृत कोशांत याच जातीची आणखी एक अडचण येते: आपण 'अंक' लिहितो, तिथे 'अङ्क' असतो.

अर्थाच्या जागी कोनी कंसांतले संकेत दिसत असतील तर आय-एफ-ओ फाइलीतली 'सेमटाइप-सिक्वेन्स' ही ओळ पाहा. तिथे एम असेल तर साधा मजकूर, एच असेल तर एचटीएमएल, म्हणजे वेबपानासारखा संकेतांनी मांडलेला मजकूर. मजकूर एचटीएमएल असून तिथे एम लिहिलेलं असेल, तर मूळ फाइलीची प्रत काढून ठेवा आणि एम च्या जागी एच करा. बहुतेक वेळा अर्थ नीट दिसू लागतात. अर्थाच्या जागी अनोळखी युरोपीय अक्षरांचा गोंधळ असेल तर कोश युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. त्यावर फोनमध्ये इलाज नाही, दुसरी फाइल शोधा.

मजकूर निवडून थेट अर्थ

हे करून ठेवाच. अँड्रॉइड ६ पासून कुठल्याही ॲपमध्ये शब्द दाबून धरला की वर येणाऱ्या पट्टीत 'कॉपी'च्या शेजारी इतर ॲप्सही दिसू शकतात. तुमच्या कोशाच्या ॲपने ही सोय दिली असेल तर त्याचं नाव तिथेच, कधी तीन टिंबांमागे असतं. ते नसेल तर 'शेअर' करून कोशाचं ॲप निवडा. वाचताना पुस्तकातून बाहेर पडावं लागलं की माणूस शब्द शोधायचा कंटाळा करतो. ही सोय बसवल्यापासून मी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त शब्द पाहते.

आयफोनवर

तिथे स्टोरेज असं खुलं नसतं. ॲपने परवानगी दिली असेल तर 'फाइल्स'मध्ये 'ऑन माय आयफोन' या जागी त्या ॲपचं फोल्डर दिसतं. गठ्ठा सोडून कोशाचं अख्खं फोल्डर तिथे हलवा, मग ॲप उघडून यादी ताजी करा. संगणकाला फोन जोडून फाइंडर किंवा आयट्यून्समधूनही हेच करता येतं. ॲप काढलं की हे फोल्डर जातं, म्हणून प्रत बाहेर हवीच.

स्वरूप बदलणं आणि स्वतःचा कोश

हवा तो कोश भलत्याच स्वरूपात मिळाला तर संगणकावर पायग्लॉसरी हे मुक्त साधन वापरा. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बसवलेल्या संगणकावर ते बसतं. मूळ फाइल दाखवायची, हवं ते स्वरूप निवडायचं, नवी फाइल कुठे ठेवायची ते सांगायचं. एम-डी-एक्स, बी-जी-एल, डी-एस-एल हे सगळं ते वाचतं आणि त्यापासून स्टारडिक्ट करून देतं. मोठ्या कोशाला काही मिनिटं लागतात. झाल्यावर नव्या आय-एफ-ओ मधला शब्दसंख्येचा आकडा मूळ कोशाच्या आकड्याशी ताडून पाहा. हजारो नोंदी कमी भरल्या तर रूपांतर मध्येच कुठेतरी फसलं आहे.

याच साधनाने स्वतःचा कोशही करता येतो, आणि मला या सगळ्या खटाटोपात हे सर्वांत मोलाचं वाटतं. साधी टेक्स्ट फाइल उघडा. एका ओळीत एक नोंद: आधी शब्द, मग कीबोर्डवरची टॅब कळ एकदा, मग अर्थ. टॅबच हवी, चार मोकळ्या जागा चालत नाहीत. अर्थात नवी ओळ हवी असेल तर तिथे एंटर न दाबता उलटी तिरकी रेघ आणि त्याला चिकटून रोमन लहान एन लिहा. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरी मोडते. मग पायग्लॉसरीत मूळ स्वरूप म्हणून टॅबची टेक्स्ट फाइल आणि नवं स्वरूप म्हणून स्टारडिक्ट निवडा.

मी अशी फाइल आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या शब्दांची केली आहे. छापील कोशात जे मिळाले नाहीत, किंवा मिळाले पण आमच्याकडच्या अर्थाने मिळाले नाहीत, ते शब्द. नवा शब्द कानावर पडला की फोनमधल्या टिपणात टॅब देऊनच लिहिते, म्हणजे नंतर पुन्हा मांडावं लागत नाही. दर काही महिन्यांनी फाइल संगणकावर नेऊन नव्याने स्टारडिक्ट करते, जुना संच पूर्ण काढते, नवा टाकते, आणि ॲपमध्ये रीस्कॅन. जुन्या संचावर नवा नुसता ओतला तर काही ॲप्स आधी बांधलेली सूचीच वापरत राहतात आणि अर्थ सरकतात, म्हणून जुना काढूनच नवा टाकायचा.

मूळ टेक्स्ट फाइल आणि उतरवलेल्या कोशांचे न सोडलेले गठ्ठे मी संगणकावर एका फोल्डरमध्ये आणि एका पेनड्राइव्हवर ठेवते. फोन बदलला तेव्हा ते फोल्डर केबलने नव्या फोनवर नेलं, गठ्ठे सोडले, ॲपला दाखवले. अर्ध्या तासात सगळे कोश पूर्वीसारखे उभे राहिले. पुढे ई-रीडर घेतला, त्यावर पुस्तकं वाचायला केओरीडर आहे. तोही स्टारडिक्ट वाचतो. तेच फोल्डर उचलून त्याच्या 'डेटा' फोल्डरमधल्या 'डिक्ट'मध्ये टाकलं आणि वाचता वाचता 'देऊळ' दाबून धरलं, तर मोल्सवर्थच्या अर्थाखाली माझ्या स्वतःच्या कोशातली नोंदही आली.